ट्रॉलीमागचा लाल दिवा

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मी पहाटेचं फिरणं बंद करतो. बायकोला वाटतं, थंडी सोसत नाही म्हणून. ती दर वर्षी माळ्यावरून मफलर काढून देते, मी तो गळ्याभोवती गुंडाळून ओसरीवरच बसतो आणि दुसरा चहा मागतो. ‘शाळेतनं रिटायर झालात, आता अंगातनंही झालात का?’ असं ती हल्ली विचारते. मी हसून वेळ मारून नेतो. गेली दहा-अकरा वर्षं हे असंच चाललं आहे.

खरं तर आमच्याकडचा हा सगळ्यात देखणा हंगाम. डिंभ्याच्या कालव्यावर सकाळी धुकं बसलेलं असतं, ते आठ वाजले तरी उठायचं नाव घेत नाही. रस्त्यावर उसाचं वाढं आणि वाळकं पाचट सांडलेलं असतं, त्यावरून सायकल गेली की कुरकुर आवाज येतो. तोडकऱ्यांच्या खोप्यांतून धूर निघतो. कारखान्याच्या बाजूनं झुळूक आलीच तर मळीचा आंबूस-गोड वास येतो, आणि परगावच्या पाहुण्यानं नाकाला रुमाल लावला की आम्हाला त्याचा राग येतो. आमच्या घरात दिवाळीपेक्षा या वासानं मला हंगाम आल्याचं कळतं, आणि कळलं की मी ओसरी धरतो.

झुळूक आलीच तर, असं म्हणालो, कारण पौषात आमच्याकडे वारा नसतोच. आषाढात पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला, वारा छत्री उलटी करून हातात देतो. चैत्रात तो खळ्यावर यायचा. माझी आई तिवईवर उभी राहून सुपातलं धान्य वारवायची. वारा पडला की हात तसाच उंच धरून ती ताटकळत राहायची, आणि खालची माणसं शीळ घालून वाऱ्याला बोलवायची. तो आला की दाणे खाली, भुसा पलीकडे. वाऱ्याकडून काम करून घेणं मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. पौषात मात्र चुलीचा धूर सरळ वर जातो आणि तिथंच थबकतो.

पण वारा नसला तरी तो करता येतो. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून धावत सुटलं की ते गरगर फिरतं. वारा कुठून आला? आपणच धावून तयार केला. आठवीच्या वर्गाला हे सांगताना मी खडू हातात धरून वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचो, आणि पोरं बाकं बडवायची. चालत्या गाडीला सतत असा वारा लागत असतो, तो असाच वाया जातो, त्याच्यावर एखादा पंखा फिरवला तर गाडीतली छोटी-मोठी वस्तू चालवता येईल, हे माझं त्या काळातलं वेड होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरोघरी टेपरेकॉर्डर होते आणि त्यांच्या मोटारी जळलेल्या किंवा न जळलेल्या अवस्थेत दुरुस्तीच्या दुकानांत ढिगानं पडलेल्या असायच्या. टेपची मोटार विजेवर फिरते. तिला हातानं फिरवलं तर ती उलट वीज देते. एवढ्याशा ज्ञानावर मी गावात शास्त्रज्ञ म्हणून मिरवत होतो.

सखाराम माझा बालमित्र. चौथीपर्यंत एका फडक्यावर बसलो, पुढं मी मास्तर झालो आणि तो ट्रॅक्टरवर बसला. घरचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. हंगामात तो भल्या पहाटे फडातून ऊस भरून निघायचा. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची त्याला कायम कटकट होती. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटीपर्यंत वायर न्यायची, ती कधी उसात अडकून तुटायची, कधी ट्रॉली सोडताना उपटली जायची. आठवड्यातून चार दिवस दिवा बंद. सगळ्याच ट्रॉल्यांचं तेच होतं.

त्यामुळं आमच्या रस्त्यावर एक रीत होती. ट्रॉली रस्त्यात बंद पडली की ड्रायव्हरनं बाकी काहीही करायच्या आधी कोयता घ्यायचा, बांधावरची एक हिरवी फांदी तोडायची, वीसेक पावलं मागं जाऊन ती रस्त्यात टाकायची आणि तिच्या मागं दगडांची ओळ लावायची. टायर फुटू दे नाहीतर धुरा मोडू दे, फांदी आधी. येणाऱ्याला फांदी दिसली की तो समजायचा. सखारामचा बाप सांगायचा, फांदी न टाकता जॅकला हात लावला तर हात झडतो. सखाराम हे पाळायचा. तो सगळंच पाळायचा. बांधाच्या भांडणात दोन्हीकडचे लोक त्याला साक्षीला बोलवायचे, कारण तो खोटं बोलणार नाही याची दोन्हीकडच्यांना खात्री असायची.

‘मास्तर, तुझं ते वाऱ्याचं येड माझ्या ट्रॉलीला लाव की,’ असं तोच एकदा म्हणाला. ‘म्हंजी वायरच नगं. मागंच वीज तयार व्हईल आन् मागंच जळंल.’

मी वारूळवाडीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून धडधाकट मोटार आणली. गोडेतेलाचा डबा कापून त्याची पाती केली. सखारामनं दुसऱ्या ट्रॉलीच्या कडेला बांबू उभा बांधला, कारण मागच्या बाजूला उसाच्या आडोशानं वारा लागत नव्हता. बांबूच्या टोकाला पंखा, तिथून खाली वायर, आणि ट्रॉलीच्या पाठीवर जस्ती डब्यात लाल काचेमागं सहा बारके लाल दिवे. ट्रॅक्टर रस्त्याला लागला, पाती आधी आळसावल्यासारखी हलली, मग दिसेनाशी झाली, आणि दिवे लागले. मी मागून सायकलवर होतो. चक्क ओरडलो. सखारामला पुढं काही दिसत नव्हतं, तो मान मागं करकरून विचारत होता, ‘लागलं का? आरं, लागलं का?’

ट्रॅक्टर थांबला आणि दिवे विझले. अर्थातच. भिरभिरं धरून धावणारा थांबला की भिरभिरंही थांबतं. सखाराम खाली उतरून डब्याकडे बघत राहिला. ‘राव, ज्या टायमाला पायजे त्या टायमालाच ह्यो झोपतुया,’ असं तो म्हणाला, आणि त्याचं अगदी बरोबर होतं. चालत्या ट्रॉलीपेक्षा थांबलेली ट्रॉली घातक. मग मी पुण्याहून पुन्हा पुन्हा चार्ज होणारे तीन पेन्सिल सेल आणले. चालताना पंख्यानं सेल भरायचे, थांबल्यावर सेलनं दिवा तेवत ठेवायचा, आणि घरी आल्यावर तो विझवायला डब्यावर एक बटण. एक-दोन तास सहज चालायचा. हे जमलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे बायकोला माहीत आहे.

हंगामाच्या पहिल्या खेपेला ट्रॅक्टरची पूजा झाली. वहिनींनी, म्हणजे सखारामच्या बायकोनं, चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग स्टूल मागवून पंख्यालाही कुंकू लावलं. डब्यालाही. माझ्या कपाळालाही लावलं. मी त्या डब्यावर पांढऱ्या रंगानं माझं नाव आणि त्याखाली ‘विज्ञान शिक्षक’ असं लिहून घेतलं होतं. ते आता आठवलं की कान गरम होतात.

दिवा महिनाभर उत्तम चालला. दोनदा ट्रॉली रस्त्यात बंद पडली, दोन्ही वेळा मागं लाल दिवा शांत तेवत होता. तिसऱ्या वेळी सखारामनं फांदी तोडली नाही. मला त्यानं ते कौतुकानं सांगितलं. ‘आता कशाला फांदी? मास्तरचा दिवा हाय की.’ मी काय म्हणालो असेन? मी खूश झालो. एका दिव्यानं एक जुनी रीत निकालात काढली म्हणून मी खूश झालो. विज्ञानाचा विजय वगैरे शब्दही माझ्या तोंडून गेले असतील, तशी माझी त्या काळात सवय होती.

जानेवारीत घोडेगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी दिव्याचं छोटं मॉडेल केलं. पुण्याहून मागवलेले सेल वेळेवर आले नाहीत. प्रदर्शन गुरुवारी आणि शुक्रवारी. बुधवारी संध्याकाळी मी सखारामच्या वाड्यात गेलो. ट्रॉली अंगणात मोकळी उभी होती. कारखान्याकडून ऊसतोडीची चिठ्ठी नाही, शनिवारपर्यंत ट्रॅक्टर जागचा हलत नाही, असं सखारामनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो स्वतः घरी नव्हता. वहिनी गोठ्यात धार काढत होत्या. ‘बसा भावजी, च्या टाकते,’ म्हणाल्या. मी नको म्हणालो. मी डबा उघडला, तीन सेल काढले, खिशात घातले, डबा लावला आणि ‘दिवा बघून जातो’ असं मोघम ओरडून निघालो.

सेल मागून घेतले असते तर त्या माउलीनं वर डबाभर गूळ दिला असता. पण दिलेली वस्तू परत मागायची, तीही कुंकू लावून पुजलेली, म्हणजे माझा मास्तरी तोरा उतरला असता. दोन दिवसांनी गुपचूप परत लावू, कुणाला कळतंय. मी इतका लहान विचार केला होता. अजूनही या प्रसंगाला मला दुसरं मोठं कारण सापडत नाही.

गुरुवारी सकाळी अचानक चिठ्ठी आली. शुक्रवारी पहाटे सखाराम ऊस भरून निघाला. पेठच्या घाटाच्या पायथ्याला वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं, ट्रॉलीमागं धुक्यात दिव्याचा लाल उजेड दिसला. ट्रॉली चालत होती, पंखा फिरत होता, मग दिवा लागणारच. पुढं अर्ध्या मैलावर पहिल्या ट्रॉलीचा टायर फुटला. सखारामनं ट्रॅक्टर कडेला घेतला, खाली उतरला आणि जॅक लावला. तिथून दुसऱ्या ट्रॉलीची पाठ दिसत नाही. फांदी टाकली नाही. मास्तरचा दिवा होता ना.

पेठचे बबनभाऊ मोटारसायकलला दुधाचे चार कॅन लावून मंचरच्या डेअरीला निघाले होते. घाट उतरून आले. पुढं धुकं आणि धुक्याच्या रंगाचा ऊस. ते सरळ ट्रॉलीवर आदळले. जीव वाचला. उजवा गुडघा गेला तो गेलाच. रस्ताभर दूध सांडलं होतं, आणि आडव्या मोटारसायकलचा दिवा त्यावर पडून सगळा रस्ता पांढरा दिसत होता, असं सखाराम नंतर सांगायचा. त्या घाईत आपण ट्रॉलीच्या दिव्याकडे पाहिलंच नाही, हेही तो सांगायचा.

मला हे दुपारी घोडेगावात कळलं. माझ्या टेबलावर मॉडेल होतं. एका बाजूनं टेबलफॅनचा वारा देत होतो, मध्येच पंखा बंद करून म्हणत होतो, ‘पाहा, वारा थांबला, तरी दिवा चालू.’ परीक्षक माना डोलवत होते. तेवढ्यात शाळेचा शिपाई आला आणि म्हणाला, सखारामच्या ट्रॉलीवर दूधवाला धडकला. मी पहिला प्रश्न विचारला, ‘जगला का?’ दुसरा प्रश्न विचारला, ‘पंचनामा झाला का?’ शिपायानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं असं मला वाटलं. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होता.

मी मॉडेलमधून सेल काढले. दोन दिवस पंख्यासमोर राहून ते पूर्ण भरलेले होते. संध्याकाळच्या एस.टी.नं आलो आणि पायथ्याला उतरलो. ट्रॉली रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती. आसपास कुणी नव्हतं. दिवा शाबूत होता, काचेला ओरखडाही नव्हता. मी बटण बंद केलं, डबा उघडून सेल लावले. अंधारात एक उलटा बसला, तो पुन्हा काढून सरळ केला. त्या वेळी मी स्वतःला सांगत होतो की हे मी सखारामसाठी करतोय. डब्यावर माझं नाव होतं, हे मी स्वतःला सांगत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला वीस-पंचवीस माणसं जमली. बबनभाऊंनी दवाखान्यातून जबाब दिला होता, ट्रॉलीला दिवा नव्हता. सखाराम म्हणाला, ‘व्हता. मी सवता बघितला व्हता.’ हवालदारानं विचारलं, थांबल्यावर हा दिवा चालतो का? सखाराम पुढं झाला आणि बटण दाबलं. वारा नावाला नव्हता. पंखा ढिम्म. दिवा लागला, तांबडा आणि लख्ख. लोकांनी ‘आँ’ केलं. एकजण म्हणाला, ‘ह्यो दिसला न्हाय म्हंजी गडी झोपला व्हता.’ आणि ते तिथंच ठरलं.

मी गर्दीत उभा होतो. सखारामनं येऊन माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. ‘मास्तर, वाचवलंस.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी बोललो असतो तर सगळं सरळ झालं असतं. सखाराम खरं बोलत होता आणि बबनभाऊही खरं बोलत होते. दोघं खरे असू शकतात हे फक्त मला माहीत होतं. मी म्हणालो, ‘अरे, असं काय!’

त्यानंतर मला गावानं शाल-श्रीफळ दिलं. चार-पाच ट्रॅक्टरवाले दिवा करून मागायला आले. मी म्हणायचो, मोटारी मिळत नाहीत. लोकांना तो माझा साधेपणा वाटला. प्रदर्शनात दुसरा नंबर आला होता, ते प्रशस्तिपत्र मी ट्रंकेत तळाशी घातलं. हंगाम संपल्यावर सखारामच्या ट्रॉलीचा बांबू काढून ठेवला, आणि पुढच्या हंगामात मी काही ना काही निमित्त काढून तो लावूच दिला नाही. त्याच्या हातात पुन्हा कोयता दिसला तेव्हा जरा बरं वाटलं. पण हे बरं वाटणंही फुकटचं होतं.

सगळ्यात वाईट होतं ते देवळातलं. दोन्ही गावच्या जाणत्या माणसांनी मिटवामिटव केली. सप्ताहाच्या काल्याला बबनभाऊ कुबडी घेऊन आले. त्यांनी सखारामच्या कपाळाला बुक्का लावला, सखारामनं त्यांच्या लावला, आणि उराउरी भेटले. ‘माजाच डोळा लागला आसंल, भाऊ. तुमाला लई तरास झाला,’ बबनभाऊ म्हणाले. ज्याचा गुडघा गेला तो माफी मागत होता. मी तीन हातांवर पत्रावळीशी बसलो होतो. काला हातात होता, तो मी खाल्ला. माणसाला खाता येतं, हे त्या दिवशी मला कळलं.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मध्ये ट्रॉल्यांना चमकणाऱ्या लाल पट्ट्या आल्या, मोबाइल आले, मंचरच्या चौकात रस्ता ओलांडायला पाच मिनिटं लागायला लागली. सखाराम मुलाकडे चाकणला राहायला गेला. एखादी गोष्ट सांगायला जितका उशीर होतो तितकी ती सांगायला अवघड होते, असं लोक समजतात. माझा अनुभव जरा वेगळा आहे. सांगणं अवघड होत नाही, न सांगणं सोपं होत जातं. हंगामाचे चार महिने सोडले तर मी सुखात होतो. पोरांना शिकवत होतो. मूल्यशिक्षणाचा तासही घेत होतो. जास्त काय सांगू!

यंदा संक्रांतीच्या आधी मंचरच्या एस.टी. स्टँडवर बबनभाऊ दिसले. केस पांढरे झालेले, उजवा पाय काठीसारखा ताठ. त्यांना मी ‘दिवा करणारे सर’ म्हणून माहीत होतो. त्यांनीच हाक मारली. त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता, नात टाकीवर बसलेली. जागा कमी म्हणून मुलगा म्हणाला, ‘अण्णा, तुमी हिला घेऊन बसने या.’ तसे ते एकदम म्हणाले, ‘नगं, नगं. पोरगी तूच ने.’

गाडी गेल्यावर मी सहज विचारलं, का हो, नात तुमच्याबरोबर येत नाही? ते हसले. ‘तिला यायचं आस्तंय. मीच घेत न्हाय. बसमदी डोळा लागला आन् ती उतरून गेली तर? येकदा लागलाय माजा डोळा, सर. गोठ्याचं दार लावायचं, रातचं पाणी धरायचं, चुलीवर दूध ठिवायचं, काय बी माज्यावर सोडत न्हाईत घरात. आन् बराबर हाय त्यांचं. माजा मलाच भरवसा न्हाय.’

मग म्हणाले, ‘पयल्यांदा मी लई भांडलो, दिवा नव्हता म्हनून. पर आता मला त्यो दिसतो. खरंच. लाल. धुक्यात. मला दिसला आन् डोळा मिटला, आसं आठवतंय मला.’

मी घरी आलो. बायकोनं मफलर पुढं केला. मी तो बाजूला ठेवून तिला सगळं सांगितलं. तिनं मफलरची घडी घातली. नंतर फक्त म्हणाली, ‘वहिनींनी चहा टाकते म्हटलं होतं ना?’ दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एस.टी.नं मी पेठला गेलो. धुकं होतं. रस्त्यात तीन ट्रॉल्या दिसल्या.

बबनभाऊ अंगणात गोणपाटावर बसून, पाय लांब करून, दाभणानं कांद्याच्या गोण्या शिवत होते. मी समोर बसलो. प्रस्तावना घरून तयार करून आणली होती, ती सगळी विसरलो.

‘भाऊ, दिवा नव्हता,’ मी म्हणालो.

‘आँ?’

‘सखारामच्या ट्रॉलीला. त्या पहाटे. ट्रॉली थांबली की दिवा बंद पडत होता. थांबल्यावर दिवा चालावा म्हणून आत सेल घातले होते. ते सेल मी बुधवारी काढून नेले. प्रदर्शनाला. कुणाला न सांगता. आणि शुक्रवारी संध्याकाळी, तुम्ही दवाखान्यात असताना, परत लावले. पंचनाम्याला लागलेला दिवा तो.’

त्यांचं दाभण गोणीत अर्धं शिरलं होतं. त्यांनी ते पलीकडून ओढून घेतलं, सुतळी ताणली, गाठ मारली. गोणी बाजूला ठेवली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. काठी बाजूलाच होती, तिचीही वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर मला ती हवी होती.

‘मला दिसतो त्यो?’ त्यांनी विचारलं.

‘तो नव्हता, भाऊ. तुम्हाला सगळ्यांनी सांगून सांगून तो दिसायला लागला.’

‘दिवा नव्हताच.’

‘नव्हता.’

ते माझ्याकडे पाहत नव्हते. अंगणाच्या कडेला, जिथं धुक्यात काही दिसत नव्हतं, तिथं पाहत होते. मग अगदी हळू म्हणाले, ‘म्हंजी मी जागा व्हतो.’

मी मान डोलावली. त्यांनी एकदम घराकडे तोंड करून हाक मारली, ‘अगं ए! भाईर ये. हात धुवू नगं, तशीच ये.’

त्यांची बायको पिठाचे हात घेऊन दारात आली. ‘सर, हिला सांगा,’ ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. सेल, बुधवार, प्रदर्शन, शुक्रवार. ती दाराला टेकली. माझ्याकडे तिनं जे पाहिलं ते मी इथं लिहू शकत नाही. एवढंच म्हणाली, ‘आमी ह्यांना रोज झोपल्यालं म्हनत व्हतो वो, सर. रोज.’

मी उठायला लागलो. सखारामला अजून सांगायचं होतं, चाकणची गाडी गाठायची होती. बबनभाऊंनी माझा हात धरून खाली बसवलं. जोर होता हातात.

‘कुटं निगालात? पोरगा रानात गेलाय, येऊ द्या. सून हाय. शेजारचा आमचा चुलता हाय, त्यो पंच व्हता तवा. समद्यांना सांगा.’

मी बसलो. ऊन वर येईपर्यंत माणसं येत राहिली आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत राहिलो. प्रत्येक वेळी बबनभाऊ पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे पुढं सरकून बसायचे. मी शेवटाला आलो की ते थांबवायचे. त्यांना माझी माफी नको होती, ती मी दोनदा मागून पाहिली. चुलते आले तेव्हा माझा आवाज बसला होता. मी सांगून संपवलं.

‘आन् मी?’ बबनभाऊंनी विचारलं. ‘मी काय करत व्हतो, त्ये सांगा की.’

‘तुम्ही जागे होतात, भाऊ,’ मी म्हणालो.

‘मोठ्यानं सांगा. चुलत्याला ऐकाया कमी येतं.’